शेडमध्ये कोंबड्या टाकताय? आधी शेडमधलं औषध कुठं जाणार ते सांगा



सांगोला, आटपाडी, माण या आपल्या पट्ट्यात डाळिंबाच्या बऱ्याच बागा निघाल्या. काही तेल्यानं गेल्या, काही मर रोगानं, आणि राहिलेल्यांच्या खोडाची त्या बारक्या पिन होल बोररनं चाळण केली. झाडं उपटून बांधाला लागली, रान मोकळं झालं. कुणी मका केली, कुणी परत नवी लागण धरली. पण बागेतली शेड आहे तिथंच उभी आहे. १० बाय १२ ची, विटांची भिंत, वर पत्रा, लोखंडी दार, एक वीतभर झरोका. आत जुना पंप, ड्रिपच्या नळ्यांची वेटोळी, क्रेट, खताची अर्धी पोती आणि फळीवर औषधांच्या बाटल्या.

आणि मग फोन येतो, "शेड रिकामी पडलीय, पन्नास कोंबड्या टाकू का?"

टाका की. मी स्वतः बागेतल्या शेडमध्ये कोंबड्या पाळतो आणि नव्या शेडसाठी कर्ज काढायच्या मी विरोधात आहे. चाळीस-पन्नास पक्ष्यांसाठी चार-पाच लाखांचा सांगाडा उभा करायची काही गरज नाही, असलेल्या चार भिंती पुरतात. फक्त ती शेड रिकामी आहे असं म्हणू नका. ती रिकामी नाही. तिच्यात जे आहे ते कुठंतरी जाणार आहे, आणि जे फरशीत मुरलंय ते कुठंच जाणार नाही. पिल्लं विकणारा हे विचारत नाही, मोबाईलवरचे व्हिडिओ हे सांगत नाहीत. सगळे जातीवर बोलतात. गिरिराज घ्यावी का वनराज, ग्रामप्रिया का कावेरी, कडकनाथचं काय. जातीचं नंतर बघू. मी आज फक्त खोलीवर बोलणार आहे.

पहिली गोष्ट. शेड मोकळी करायची म्हटल्यावर फळीवरच्या बाटल्या जातात कुठं? मी अशी बरीच घरं बघितलीत. पंप गोठ्यात जातो, नळ्या झाडाखाली जातात, क्रेट व्यापाऱ्याचे असतील तर परत जातात, आणि औषधं जातात घरात. कॉटखाली, दिवळीत, माळ्यावर, कधीकधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मिठाच्या बरणीशेजारी. "महाग असतंय, बाहेर ठेवलं तर चोरीला जाईल," हे त्याचं कारण. कारण खरं आहे. पण एक सांगू का, आपण विषाला औषध म्हणतो तिथंच निम्मा घोळ आहे. बाटलीवरचा लाल त्रिकोण घरातल्या चार वर्षांच्या पोराला कळत नाही. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय तर आपल्या हाडात गेलीय.

आणि लहान पोरांपेक्षाही मोठ्या माणसांची भीती जास्त आहे. हे लिहायला जड जातं, पण शेतकऱ्यांच्या पानावर हे नाही लिहायचं तर कुठं लिहायचं? घराघरात वाद असतात. दारू असते, सोसायटीचा तगादा असतो, परीक्षेत मागं पडलेली पोरं असतात, माहेराहून परत आलेली लेक असते. त्या रागाच्या, निराशेच्या दहा मिनिटांत हाताच्या अंतरावर काय आहे, यावर जीव राहतो किंवा जातो. औषध शेतातल्या कुलूपबंद खोलीत असलं, किल्ली दुसऱ्याकडं असली, तर तिथवर चालत जाईपर्यंत मन थोडं तरी खाली येतं, नाहीतर कुणीतरी बघतं, हाक मारतं. कॉटखाली असलं तर मध्ये काहीच नाही. कोंबडीच्या नादात आपण औषध रानातून उचलून अंथरुणाखाली आणून ठेवत असू, तर रोजच्या दहा-पंधरा अंड्यांसाठी फार मोठी जोखीम घेतोय.

म्हणून माझ्या मते कामाचा क्रम असा पाहिजे. आधी एक लोखंडी पेटी, कडी-कोयंड्याची, कुलूप लावलेली. ती घराबाहेर, विहिरीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, उंचावर, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी. तिच्यात जेवढं या हंगामात लागतं तेवढंच. पेटीची सोय झाल्याशिवाय शेडचं दार उघडायचं नाही.

बाटल्या काढताना तारखा बघा. आमच्याकडं जुन्या शेडमध्ये आजही एंडोसल्फान निघतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच बंदी घातली. थिमेटचं, म्हणजे फोरेटचं पोतं निघतं. ते ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात विकायला बंद आहे. नुवान म्हणून आपण जे ओळखतो ते डायक्लोरव्हॉसही त्याच यादीत गेलं. बंद झालेलं औषध "तेवढं एक वेळ मारून टाकू" म्हणून वापरायचं नाही, ओढ्यात ओतायचं नाही, पाचटाबरोबर पेटवायचं नाही. वेगळं बांधून कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीचं कृषी सहायकाला विचारा. तो टाळाटाळ करील, तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की वर कळवावं लागतं.

आता फरशीकडं या.

गेल्या जूनमध्ये आमच्या शिवारातल्या एकाच्या अकरा कोंबड्या दोन दिवसांत गेल्या. सगळ्यांनी सांगितलं, राणीखेत. पावसाळ्याच्या तोंडाला कोंबडी मेली की आपल्याकडं राणीखेतच म्हणतात, दुसरं नावच माहीत नाही. पण राणीखेत असा येत नाही. त्यात कोंबडी आधी मलूल होते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट पांढरी हगते, काही जगल्या-वाचल्यांची मान पिरगाळते, आणि हे चार-आठ दिवस चालतं, एकीपासून दुसरीला. इथं सकाळी बऱ्या असलेल्या कोंबड्या दुपारी पंख पाडून थरथरत होत्या, तोंडातून लाळ, आणि संध्याकाळी गार. मेलेल्या कोंबडीची गळ्याची पिशवी भरलेली. म्हणजे खाता खाता गेल्या. डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "या खोलीत आधी काय होतं?" कोपऱ्यात थिमेटची पोती असायची, आठ-दहा वर्षं. फरशी मातीची, वर नुसता शेणाचा सडा. पहिल्या पावसाची ओल आली, कोंबड्यांनी तो कोपरा उकरला. प्रयोगशाळेत काही पाठवलं नाही, त्यामुळं कागदावर पुरावा नाही. पण कोपरा वीतभर खणल्यावर जो वास आला तो डाळिंबवाल्याला वेगळा सांगावा लागत नाही.

कोंबडीला दात नसतात हे आपल्याला माहीत आहे. दाणा दळायला ती बारीक खडे गिळते, ते पोटातल्या पेटीत राहतात. दाणेदार औषध तिला खड्यासारखंच दिसतं. ती शोधून शोधून ते टिपते. थिमेट काय, कार्बोफ्युरान काय, पक्ष्याला काही दाणेसुद्धा पुरेसे होतात. बीजप्रक्रिया केलेलं, लाल-निळं रंगवलेलं बियाणं सांडलेलं असतं त्याचंही तेच.

हे झालं पटकन मरणाऱ्या कोंबडीचं. ती निदान दिसते तरी. मला जास्त काळजी न मरणाऱ्या कोंबडीची वाटते. जुनी क्लोरीनवाली औषधं, आपली बीएचसी पावडर, गॅमेक्झिन, डीडीटी, यांनी एके काळी घरं-दारं आणि धान्याच्या कणग्या पांढऱ्या केल्या होत्या. बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली, पण ही जात मातीत वर्षानुवर्षं टिकते. ती पाण्यात विरघळत नाही, चरबीत साठते. आणि कोंबडीच्या अंगातली चरबी रोज बाहेर पडायची जागा म्हणजे अंड्याचं पिवळं. कोंबडी ठणठणीत दिसते, अंडं देते, आणि ते "गावरान आहे, बिनऔषधाचं आहे" म्हणून आपण सगळ्यात आधी घरातल्या बाळंतिणीला आणि शाळेत जाणाऱ्या पोराला देतो.

हे फक्त आपल्या अडाणीपणामुळं होतं असं समजू नका. २०१७ साली युरोपात, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये, मोठ्या शिकल्या-सवरल्या पोल्ट्रीवाल्यांच्या शेडमध्ये लाल गोचिडीसारख्या किड्यासाठी जी साफसफाई झाली त्यात फिप्रोनिल वापरलं गेलं. ते अंड्यात उतरलं. लाखो अंडी नष्ट करावी लागली, शेकडो फार्म अडकले, देशोदेशीच्या दुकानांतून अंडी परत घेतली गेली. आता फिप्रोनिल आपल्याला नवीन आहे का? फुलकिड्याला मारतो, उसात मारतो, आणि शेडच्या लाकडाला वाळवी लागली की तेच पाण्यात कालवून ओततो. म्हणून सांगतो, ज्या खोलीत कोंबडी राहणार तिथं वाळवी, मुंग्या, पिसवा, गोचीड कशासाठीही रानातलं औषध मारायचं नाही. गोचीड झाली तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. भिंतीच्या भेगा चुन्यानं बुजवा, कारण त्या किड्या दिवसा तिथंच लपतात. लाकडाला आग दाखवा. कोपऱ्यात चुलीच्या राखेचा आणि कोरड्या मातीचा खड्डा करून द्या, कोंबडी स्वतः अंघोळ करते आणि निम्म्या उवा तिथंच झाडते.

मग औषधाच्या खोलीचं करायचं काय? माझं मत सरळ आहे, काहींना आवडणार नाही. मातीची फरशी आहे आणि तिथं वर्षानुवर्षं दाणेदार औषध किंवा पावडरी राहिल्यात, तर त्या खोलीत कोंबडी ठेवू नका. धुऊन, चुना मारून, धूप घालून ती शुद्ध होत नाही. फॉस्फरसवर्गातली औषधं चुन्याच्या-सोड्याच्या पाण्यात लवकर फुटतात हे खरं, पण ते वरवरच्या डागाला. वीतभर खाली मुरलेल्याला चुना पोचत नाही. पक्का कोबा असेल, तडा गेलेला नसेल, आणि आत नुसत्या सीलबंद बाटल्या राहिल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तो कोबा धुण्याच्या सोड्यानं दोनतीनदा घासून, पाणी एका खड्ड्यात जिरवून, वरून सिमेंटचा नवा थर द्यावा. फळ्या मात्र काढून टाका. लाकूड औषध पितं. आणि त्या फळ्या चुलीत घालू नका.

पण त्याहून सोपा मार्ग आहे, अदलाबदलीचा. बहुतेकांच्या रानात एक नाही, दोन आडोसे असतात. एक औषधाची खोली आणि एक क्रेट-नळ्या ठेवायची शेड, नाहीतर जुना बैलाचा गोठा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गोठा मोकळा. नळ्या, क्रेट, मल्चिंगचे रोल, फिल्टर हे सगळं औषधाच्या खोलीत न्या. कोंबडी गोठ्यात आणा. विषाला विषाची खोली राहू द्या, कुलूप आहेच तिला. गोठ्याला तसाही वारा असतो, दावण असते, शेणामुताची जमीन असते. मी हेच केलंय. खर्च निम्म्यानं कमी आला तो वेगळाच.

कृषी सहायक आणि पशुवैद्यक मित्र हे वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. पक्षी वाटपाच्या कागदांवर शेडची लांबी-रुंदी विचारतात, फोटो मागतात. त्या जागेत आधी काय ठेवलं जायचं, फरशी कसली आहे आणि औषधं आता कुठं हलवली, या तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. औषध एका खात्याच्या वहीत, कोंबडी दुसऱ्या खात्याच्या वहीत, आणि खोली कुणाच्याच वहीत नाही, असं चाललंय. शेताला भेट द्याल तेव्हा कोंबड्यांबरोबर फोटो काढायच्या आधी जरा कॉटखाली वाकून बघा.

आता खोली निवडली असं धरू. पुढचं काम हवेचं.

बागेतली शेड चोर येऊ नये म्हणून बांधलेली असते. चारी बाजूंनी बंद, वर पत्रा. कोंबडीला हवा आत पाहिजे आणि जनावर बाहेर. बंद खोलीत रात्री पन्नास कोंबड्या बसल्या, खाली ओली हगवण साठली, की अमोनिया होतो. सकाळी दार उघडल्यावर तुमच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर रात्रभर त्यात बसलेल्या पक्ष्याच्या नाका-घशाचं काय झालं असेल? मग सर्दी, घरघर, आणि आपण म्हणतो थंडी बाधली. माणदेशात कोंबडी थंडीनं कमी आणि कोंडल्यानं जास्त मरते, असं माझं निरीक्षण आहे.

म्हणून भिंत फोडा. फरशीपासून दीड फूट भिंत ठेवायची, वरची वीट काढायची, कोपरे आणि मध्ये खांब सोडून. हे काम गवंड्याकडूनच करून घ्या. पत्र्याचे अँगल कुठं टेकलेत ते न बघता वीट काढली तर छप्पर बसेल. लांबीच्या दोन समोरासमोरच्या भिंती फोडायच्या म्हणजे वारा आरपार जातो. नवीन बांधणाऱ्यानं लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे ऊन सरळ आत शिरत नाही. जुन्या शेडची दिशा आपल्या हातात नाही, पण पश्चिमेची भिंत फोडू नका एवढं करता येतं. दुपारचं ऊन तिकडूनच. पत्र्याखाली वरच्या अंगाला चार-सहा बोटांची फट जाळी लावून मोकळी ठेवा. गरम हवा आणि वास तिथून जातो.

गोणपाटाचे पडदे लावताना बहुतेक जण वरून खाली सोडतात. उलटं करा. पडदा खालून वर ओढायचा. पक्ष्याच्या अंगावर वारा येत नाही आणि वरची फट उघडी राहते.

पत्र्याचं ऊन हा आपल्याकडचा मोठा शत्रू. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकून अंग गार करते. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४० च्या वर गेलं की पत्र्याखाली भट्टी असते. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या टाका, तारेनं बांधा नाहीतर वळवाच्या वाऱ्यात शेजारच्या रानात सापडतील. किंवा चुना मारा, पांढरा पत्रा बराच कमी तापतो. वळचण दोन-अडीच फूट बाहेर काढा, तिनं ऊनही अडतं आणि झडही. खायला पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या, भर दुपारी नाही. दाणा पचवताना अंग आणखी तापतं. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं. एवढं केलं तर फॉगर-बिगर काही लागत नाही पन्नास पक्ष्यांना.

जाळीत कंजुषी करू नका. षटकोनी भोकाची जी पातळ जाळी दुकानदार कोंबडीची जाळी म्हणून देतो, ती कोंबडीला आत ठेवायला आहे, मुंगसाला बाहेर ठेवायला नाही. मुंगूस आणि रानमांजर ती दातानं, पंजानं ओढून फाडतात. अर्ध्या इंची चौकोनी, वेल्ड केलेली जाळी घ्या. पन्नास पिल्लांना जेवढे पैसे द्याल तेवढेच जवळजवळ जाळीला जातील आणि ते योग्य आहे. मुंगूस एक खाऊन थांबत नाही, सापडतील तेवढ्या मानेला धरून टाकतं. घूस खालून उकरते, तिच्यासाठी जाळी भिंतीच्या पायाशी फूटभर बाहेर वळवून मातीत गाडा. आणि लोखंडी दाराखाली जी फट असते ना, जिच्यातून बाहेरचा उजेड दिसतो, तिथून धामण आणि मुंगसाचं पिल्लू आरामात येतं. तिथं सिमेंटचा उंबरा घाला. बाकी सगळं करून लोक हा उंबरा विसरतात.

आतलं सामान सोपं. बसायला बाभळीचे किंवा निलगिरीचे गोल दांडे, मनगटाएवढे, साल काढून. पक्ष्यामागं ८ इंच जागा, दोन दांड्यांत फूटभर अंतर, सगळे एका उंचीवर. वर-खाली केले की वरच्या दांड्यासाठी रोज भांडणं. गावरान अडीच-तीन फुटांवर उडते, पण गिरिराजसारखा जड पक्षी रोज उंचावरून उडी मारून पाय दुखवून घेतो, त्याला दीड फूट पुरे. अंडी घालायला डाळिंबाचे क्रेट आडवे ठेवा, आत सुकं गवत. पाच कोंबड्यांमागं एक क्रेट, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांड्यांपेक्षा खाली. वर ठेवले तर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि घाण करतात. क्रेट मात्र औषधाच्या खोलीतले नकोत, हे आता वेगळं सांगायला नको. खाली भाताचं तूस आपल्याकडं मिळत नाही, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची कोरडी टरफलं दोन-तीन इंच अंथरा, आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं हलवा. टरफलं बुरशीची असतील तर नको.

१० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट. पक्ष्यामागं २ फुटांनी हिशोब ६० चा होतो. मी ४० च्या वर जाऊ नका म्हणतो. दांडे, क्रेट, भांडी जागा खातात, आणि चाळीस पक्षी दिवसभर रानात फिरून निम्मं पोट बाहेर भरतात. शंभर केले की रान उघडं होतं, खाद्य विकत घ्यावं लागतं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, म्हणजे शंभर पक्ष्यांना दिवसाला १० किलोच्या वर. मग तो धंदा होतो, आणि धंद्याचा हिशोब वेगळा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडं कडकनाथच्या नावानं पिल्लं घ्या, अंडी आम्ही परत घेतो म्हणून जे झालं, त्यात पोळलेली माणसं आपल्यातच आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी पक्ष्यांच्या आधी शेड कर्जानं बांधली होती.

आणि आणखी एक कारण आहे, ते बायकांना लगेच कळेल. चाळीस कोंबड्यांच्या अंड्याचा पैसा घरातल्या बाईच्या डब्यात राहतो. वहिनी, काकू, आजी, ज्या कुणी रोज संध्याकाळी दार लावतात त्यांच्या हातात. पोरांच्या वह्या, भिशी, माहेरच्या लग्नातला आहेर त्यातून होतो. चारशे कोंबड्या झाल्या की व्यापारी मालकाच्या मोबाईलवर पैसे टाकतो, आणि खराटा तेवढा बाईच्या हातात राहतो. दादांनो, रागावू नका, पण आपल्या घरात बघा.

लसीचं थोडक्यात. राणीखेतची लासोटा पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, नंतर चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी टोचून. गंबोरो आणि देवीची लस मध्ये येते, तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. लस बर्फातून आणायची, खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

नवी लागण धरलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा. शेड स्वच्छ केली तरी कोंबडी दिवसभर बागेतच फिरणार आहे. फवारणीच्या दिवशी तिला आत कोंडा, फवारा वाळला म्हणून संध्याकाळी सोडू नका. मेलेल्या अळ्या आणि किडे ती पुढचे काही दिवस टिपत राहते. त्या काळात मी बाग आणि खुराडं यांच्यामध्ये साडीची जाळी लावून कोंबड्या दुसऱ्या अंगाला, मक्याकडं वळवतो. आणि झाडाच्या बुडाला दाणेदार काही टाकायचं असेल, तर त्या बागेत कोंबडी नकोच. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा.

खताचं विचारणारे पुष्कळ आहेत. खालचा थर सहा-आठ महिन्यांनी निघतो. तो ताजा झाडाला घालू नका, मुळं पोळतात. शेणखताबरोबर ढीग लावून, पाणी मारून, दोन-तीन महिने कुजवा. ढीग आतून थंड झाला आणि वास मातीचा यायला लागला की मग झाडाला घाला. औषधाच्या खोलीत ज्यांनी आधीच कोंबड्या टाकल्यात त्यांनी तो थर ढिगात मिसळू नये. आधी खालचा कोपरा वीतभर उकरून वास घ्यावा, आणि वास आला तर मला फोन करायच्या आधी कोंबड्या बाहेर काढाव्यात.